हिवाळ्यातून चार दिवस सुटका: न्यूअर्क ते सान हुआन, दोघी मैत्रिणी (फेब्रुवारी २०२६ चा लाँग वीकेंड)

मनीप्लांट

प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा लाँग वीकेंड, शुक्रवार १३ ते सोमवार १६ फेब्रुवारी. न्यूअर्कहून पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन ठरवतोय. बर्फ, राखाडी आभाळ आणि साडेपाचला पडणारा अंधार यातून बाहेर पडायचंय, पण रिसॉर्टात लोळायचं नाही. जुनं शहर पायी बघायचंय.

दोघीही शाकाहारी (एकीला अंडं चालतं). एकीचं ग्रीन कार्ड, दुसरीचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. रविवारी १५ ला महाशिवरात्र आहे आणि एकीचा कडक उपास असतो. पोहता येतं, पण तलावातलं.

विचारायचंय ते असं: कागदपत्रांची अडचण येईल का? गाडी घ्यावी का? राहायचं कुठे? फाहार्दो गावाजवळचं रात्री चमकणारं पाणी चार दिवसांत बसेल का? समुद्रात उतरता येईल का? आणि खायचं काय?

दस्तऐवज

पोर्तो रिको अमेरिकेच्याच अखत्यारीत आहे, त्यामुळे हे विमान देशांतर्गत. थेट गेलात आणि थेट परत आलात तर तुम्ही देश सोडला असं धरत नाहीत. आय-९४ (देशात आल्याची नोंद) तोच राहतो आणि व्हिसाच्या नव्या शिक्क्याचा प्रश्नच येत नाही.

पण 'थेट' हा शब्द घट्ट धरून ठेवा. स्वस्त दिसलं म्हणून डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोवरून जाणारं तिकीट घेतलंत तर तो परदेश झाला. शिक्का संपलेला असताना तिथून परत अमेरिकेत येणं म्हणजे मोठं संकट.

एच-१बी वालीने मूळ पासपोर्ट, चालू आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ ची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी. ग्रीन कार्डही मूळच हवं, फोनमधला फोटो चालत नाही. जाताना कुणी विचारणार नाही, परतताना मात्र सान हुआनच्या विमानतळावर सीबीपीचे (सीमा तपासणी खात्याचे) अधिकारी कागद मागू शकतात.

डॉलर, प्लग, टपाल सगळं इथलंच. हिवाळ्यात तिथलं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं. विमानाला सुमारे चार तास लागतात.

गाडीवान

राहायला चार भाग आहेत. जुनं सान हुआन, कोंदादो, ओशन पार्क आणि विमानतळाला चिकटून असलेला इस्ला व्हेर्दे. पायी फिरायचं असेल तर जुन्या शहरातच राहा. तिथे पोहायचा किनारा नाही, पण एस्काम्ब्रोनचा किनारा सान क्रिस्तोबाल किल्ल्यापासून साधारण दोन किलोमीटरवर आहे. खोलीचं भाडं बघताना कर धरा: हॉटेलला ९ टक्के, कॅसिनो असलेल्या हॉटेलला ११, आणि त्यावर रिसॉर्ट फी असेल तर तीही. 'जनरेटर आणि पाण्याची टाकी आहे का' हे बुकिंगच्या आधीच विचारा. तिथे जनरेटरला 'प्लांता' म्हणतात आणि टाकीला 'सिस्तेर्ना'. ३१ डिसेंबर २०२४ ला आणि पुन्हा १६ एप्रिल २०२५ ला जवळजवळ अख्ख्या बेटाची वीज गेली होती. छोटी खंडितता तर नेहमीची.

चाकांची बॅग नेऊ नका. जुन्या शहरातले रस्ते निळसर दगडी विटांचे आहेत, त्यांना 'आदोकिनेस' म्हणतात. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या विटा, म्हणून तो निळा रंग. मधल्या खाचांत छोटी चाकं अडकतात, आणि पावसाची एक सर आली की तळवा गुळगुळीत असलेली चप्पल सरकलीच समजा. पाठपिशवी आणि रबरी तळव्याचे बूट.

गाडी एकाच दिवसापुरती, शनिवारी. बाकीचे दिवस जुन्या शहरात ती ठेवायची कुठे हाच व्याप होतो. मेट्रो आहे, त्रेन उर्बानो, पण ती ना विमानतळाला जाते ना जुन्या शहरात.

चहाटळ

मी तर म्हणेन शनिवारीही गाडी नको, उबरने जाता येतं की. फाहार्दो तासाभरावर आहे.

गाडीवान

जाता येतं, येता येत नाही. एल युंकेच्या जंगलात फोनला रेंज नसते, त्यामुळे परतीची गाडी बोलावताच येत नाही. फाहार्दोला लास क्रोआबासच्या धक्क्यावर रात्री दहाला टूर संपते तेव्हाही गाडी मिळेल याचा भरवसा नाही. दोघींनी तिथे अंधारात अडकून पडू नये म्हणून एवढं ठासून सांगतोय. गाडी चालवायचीच नसेल तर हॉटेलवरून ने-आण करणारी टूर घ्या.

गाडी घेतलीत तर हे लक्षात असू द्या: पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मात्र मैलांत, आणि पेट्रोल लिटरवर. पहिल्या तासात हमखास घोळ होतो. पीआर-६६ या महामार्गावर टोल आहे, रोख कुणी घेत नाही, गाडीत आउतोएक्स्प्रेसोची पट्टी असते. भाड्याची कंपनी त्याचे रोजचे पैसे लावते की वापराचे, ते काउंटरवरच विचारून घ्या. न्यू जर्सीचा गाडीचा विमा तिथे लागू आहे का, हे निघण्याआधी विमावाल्याला फोन करून विचारा. रात्री परतताना उजवी लेन टाळा, खड्डे बहुतेक तिथेच.

शनिवारची आखणी: साडेसातला निघून साडेआठपर्यंत एल युंके (उशीर झाला की पार्किंग भरतं), दुपारी लुकियोचा किनारा आणि तिथली टपऱ्यांची रांग, संध्याकाळी फाहार्दो. तिन्ही एकाच वाटेवर.

उत्तररात्र

चमकणाऱ्या पाण्याबद्दल. बहुतेक जण इथेच फसतात, कारण लोक सोयीचा वार बघतात. बघायची असते तिथी.

पाण्यात पायरोडिनियम नावाचे सूक्ष्म जीव असतात. पाणी ढवळलं की क्षणभर निळसर उजेड देतात. हा उजेड इतका मंद की चंद्र वर असला तर दिसतच नाही. म्हणून कालनिर्णय काढा. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास असतो हे आपल्याला पाठच आहे. सान हुआन साडेअठरा अंश उत्तरेला आहे, जवळजवळ पुण्याच्याच अक्षांशावर, त्यामुळे तो ठोकताळा तिथेही चालतो. संकष्टीला सहा-सातची फेरी अंधारात मिळते, आणि पुढे रोज चंद्र पाऊण-एक तास उशिरा उगवत जातो. म्हणजे संकष्टीपासून अमावस्येपर्यंत संध्याकाळ मोकळी. अमावस्येनंतर दोन-तीन दिवस चंद्रकोर लवकर मावळते तोवर ठीक. शुक्ल पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत पैसे वाया.

तुमचं नशीब चांगलं आहे. अमावस्या १७ फेब्रुवारीला आहे, म्हणजे १४ च्या शनिवारी चंद्र पहाटे उगवेल. कुठलीही फेरी घ्या, अंधार पुरेपूर.

फाहार्दोच्या लागुना ग्रांदे या खाडीत जायला खारफुटीतून अरुंद वाट आहे, दोघांच्या कयाकने साधारण अर्धा तास जायला, अर्धा यायला. समोरून परतणाऱ्या कयाक त्याच वाटेने येतात, म्हणून उजवीकडे राहायचं. ताकद जास्त असलेलीने मागे बसायचं, दिशा मागूनच देतात. दोघी एकाच लयीत वल्हवल्या नाहीत तर कयाक खारफुटीच्या मुळांत घुसते. ज्यांना वल्हवणं नको त्यांच्यासाठी विजेवर चालणाऱ्या होड्याही असतात.

त्या खाडीत पोहायला बंदी आहे. हात बुडवण्याआधी अंगावर सनस्क्रीन किंवा डासांचं औषध नको, त्याने हे जीव मरतात. मग डासांचं काय? पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट आणि लांब पँट. २०२४ च्या मार्चमध्ये पोर्तो रिकोत डेंग्यूची आणीबाणी जाहीर झाली होती, तेव्हा ही गोष्ट हलकी धरू नका. आदल्या एक-दोन दिवसांत मुसळधार पाऊस झाला असेल तर चमक कमी असते. फेरी चालवणाऱ्यांना सकाळी फोन करून सरळ विचारा. फोनच्या कॅमेऱ्यात काही येत नाही, तो कोरड्या पिशवीतच राहू द्या.

चहाटळ

व्हिएकेस बेटावरची मस्किटो बे याहून कितीतरी तेजस्वी म्हणतात. तिकडेच का जाऊ नये?

उत्तररात्र

तेजस्वी आहेच, जगातली सगळ्यात तेजस्वी मानतात. पण बोट सेइबाहून सुटते, तिकिटांत आधी बेटावरच्या रहिवाशांचा नंबर, आणि रात्रीची फेरी म्हणजे बेटावर मुक्काम आला. तीन रात्रींपैकी एक तिकडे गेली की जुनं शहर राहिलंच. पाच-सहा दिवस असतील तेव्हा जरूर जा.

दर्यावर्दी

समुद्राबद्दल सविस्तर लिहितो, कारण हिवाळ्यात सान हुआनला जाणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

शहर बेटाच्या उत्तर काठावर आहे, समोर थेट अटलांटिक. हवा २८ अंश, पाणी २६, ऊन लख्ख. आणि तरीही डिसेंबर ते मार्च हाच त्या काठावर बुडण्याचा सगळ्यात धोक्याचा काळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून वर सरकणारं जे वादळ तुमच्या अंगणात बर्फ टाकतं, तेच भर समुद्रात लाटा उठवतं. त्या लाटा दक्षिणेला निघतात आणि दोन-तीन दिवसांनी सान हुआनला लागतात. तोवर तिथे वारा नाही, ढग नाही. म्हणजे न्यू जर्सीत बुधवारी बर्फ झाला असेल तर शुक्रवार-शनिवारी कोंदादोच्या पाण्याबद्दल सावध राहायचं. निघण्यापूर्वी घरच्या हवामानावर नजर टाका, तोच पहिला इशारा.

दुसरा इशारा राष्ट्रीय हवामान सेवेच्या सान हुआन कार्यालयाचा. ते रोज किनाऱ्यांसाठी रिप करंटचा (समुद्रात ओढून नेणाऱ्या प्रवाहाचा) धोका कमी, मध्यम की जास्त ते देतात. त्यात लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर बघा. सात-आठ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याच्या लाटा. बारा-चौदा सेकंद म्हणजे लांबून आलेल्या. त्या दिसायला लहान, पण जोर फार, आणि त्या घोळक्याने येतात. दहा मिनिटं पाणी शांत असतं, मग चार-पाच मोठ्या लाटा एकामागून एक. म्हणून उतरण्याआधी वाळूत वीस मिनिटं नुसतं बसून बघा. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत जिथे मध्येच शांत, गडद पट्टा दिसतो तीच समुद्रात ओढणारी वाट असते. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते.

ओढीत सापडलात तर काठाकडे झगडू नका. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ सुटली की तिरकं काठाकडे या. बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात.

तलावात पोहणाऱ्यांसाठी माझं स्पष्ट मत: कोंदादोच्या मोठ्या किनाऱ्यावर घोट्यापर्यंतच. पोहायला एस्काम्ब्रोन, कारण समोर खडकांची आणि बांधाची आड आहे. पण आडोशाच्या आतच राहायचं. कोंदादोचं खाजण (लगून) शांत असतं, तिथे कयाक मिळतात. शनिवारच्या रात्रीआधी शुक्रवारी दोघींनी तिथे तासभर सराव केलात तर खारफुटीत गोंधळ होणार नाही. लुकियोचा चंद्रकोरीसारखा किनाराही नवख्यांना बरा.

पानसुपारी

खाण्याचं मी सांगते. पोर्तो रिकोच्या ताटात आपल्या ओळखीचं इतकं काही आहे की कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. अडचण एकच, सगळ्यात डुकराचं मांस किंवा चरबी मुरलेली असते.

'गांदुलेस' म्हणजे तुरीचे ओले दाणे. त्यांचा भात हा तिथला सणाचा भात, पण फोडणीत हॅम किंवा डुकराची चरबी असतेच. 'आबिचुएलास', म्हणजे राजम्यासारखी उसळ, रोज शिजते. तीतही हॅमचे तुकडे. दिसत नसले तरी काढून टाकलेले असू शकतात, म्हणून 'शिजवताना घातलंय का' असं विचारायचं. 'पाना' म्हणजे नीरफणस. त्याचे दोनदा तळलेले चपटे काप, 'तोस्तोनेस दे पाना', आपल्या कापांचे सख्खे भाऊ. हे मिळाले तर सोडू नका.

'मोफोंगो' हा तिथला मानाचा पदार्थ. कच्ची केळी (आपल्या राजेळीसारखी जाड) तळून, लसूण आणि तेल घालून लाकडी उखळीत कुटतात. मूळ पाककृतीत 'चिचार्रोन', म्हणजे डुकराची तळलेली कातडी, कुटतानाच घालतात आणि वरून कोंबडीचा रस्सा ओततात. त्यामुळे 'भाज्यांचा मोफोंगो' लिहिलेलं असलं तरी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा: 'सिन चिचार्रोन' आणि 'सिन काल्दो दे पोयो' ('सिन' म्हणजे विना). मोफोंगो प्रत्येकासाठी ताजा कुटत असतील तरच हे शक्य होतं. आधीच कुटून ठेवलेला असेल तर वेटर सांगेल, मग सोडून द्या.

नुसतं 'वेहेतारियाना' म्हणून भागत नाही, मासे आणि हॅम त्यात चालतात असं पुष्कळांना वाटतं. पूर्ण यादी म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, हॅम, मासे नको). आणि 'मांतेका' हा शब्द ऐकलात तर लोणी समजू नका, ती डुकराची चरबी. लोण्याला 'मांतेकिया' म्हणतात. तळणीची कढई सामायिक असते. ते चालत नसेल तर तळलेलं टाळा.

गोडात 'तेंब्लेके': नारळाचं दूध, कॉर्नस्टार्च, साखर, वर दालचिनी. अंडं नाही. रंगरूप खरवसाचं, ताटलीत थरथरतं. 'मायोर्का' या पावावर पिठीसाखर असते, त्यात अंडं आणि लोणी. रस्त्यावर 'पिराग्वा', आपला बर्फाचा गोळा. 'तामारिंदो' म्हणजे चिंचेचा घ्या. गाडीवाल्यांना रोख लागते. ते 'एटीएच मोव्हिल' (फोनवरून पैसे द्यायचं तिथलं अ‍ॅप) दाखवतात, पण त्याला तिथलंच बँक खातं हवं.

मनीप्लांट

फारच छान. महाशिवरात्रीचं काय करावं? जुन्या शहरात उपासाचं मिळेल?

पानसुपारी

मिळेल की! तिथे 'बताता' म्हणजे रताळं. आपल्या बटाट्याला 'पापा' म्हणतात. 'बताता असादा' मागितलंत तर भाजलेलं रताळं येईल. 'युका' म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद. उकडून देतात, पण वर कांदा-लसणाचा 'मोहो' ओततात, म्हणून 'सिन आहो, सिन सेबोया, सोलो साल' (लसूण नको, कांदा नको, फक्त मीठ) असं सांगा. हा कंद कच्चा कधीच खायचा नाही, तो नीट शिजलेलाच हवा. शिवाय पपई (तिथे 'लेचोसा'), अननस, शहाळं. रविवारी सगळं उघडं असेलच असं नाही, म्हणून शुक्रवारी दिवसा शहराच्या सांतुर्से भागातल्या 'प्लासिता' बाजारातून फळं आणून ठेवा. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याचं कूट घरून न्या. खोलीत मायक्रोवेव्ह असेल तर एक वाटी वऱ्याला अडीच वाट्या पाणी, मोठं भांडं, आठ-नऊ मिनिटं, मध्ये दोनदा ढवळून. लहान भांड्यात उतू जातं.

बुरूज

किल्ल्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. एल मोर्रोचं काम १५३९ ला सुरू झालं, सान क्रिस्तोबालचं १६३४ ला. दुसरा हा स्पेनने अमेरिका खंडात बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला. १० डॉलरच्या एकाच तिकिटात दोन्ही होतात, पैसे कार्डानेच. साडेनऊला उघडतात.

क्रम महत्त्वाचा. आधी एल मोर्रो, कारण दरवाजापर्यंतच्या मोठ्या मैदानात एक झाड नाही; दहानंतर ते ऊन सोसत नाही, तीन महिने कोटात राहिलेल्या कातडीला तर नाहीच. मग सान क्रिस्तोबाल, तिथे भुयारं आहेत, सावली मिळते. फेब्रुवारी क्रूझचा हंगाम, तेव्हा त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते वेळापत्रकात बघून कमी जहाजांचा दिवस निवडा.

संध्याकाळी पुन्हा एल मोर्रोच्या मैदानात जा. समुद्रावरून अखंड वारा येतो आणि सगळं गाव पतंग उडवतं. तिथे पतंगाला 'चिरिंगा' म्हणतात, कोपऱ्यावर विकत मिळतात. मांजा नसतो, साधा दोरा. शेपूट लांब असलेला घ्या, बिनशेपटीचा त्या वाऱ्यात गोते खातो. तटाखालून लाल दरवाजापासून जाणारी पायवाटही सुंदर आहे, पण ती टोकाला बंद होते, वर किल्ल्यात जाता येत नाही. तेवढंच अंतर परत चालायचं, पाणी बरोबर घ्या.

जानेवारीतल्या लाँग वीकेंडला जाणाऱ्यांसाठी: तेव्हाच सान सेबास्तियान रस्त्याची जत्रा असते, तिसऱ्या शनिवार-रविवारला धरून. गल्ल्या गच्च भरतात आणि गाड्या आत सोडत नाहीत. जत्रेसाठीच जायचं तर उत्तम, शांतता हवी तर फेब्रुवारी.

दस्तऐवज

घराबद्दल दोन गोष्टी राहिल्या. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करून जा, नाहीतर पाइप गोठून फुटतो. तुमच्या गावात पदपथावरचा बर्फ काढायची जबाबदारी घरमालकाची असेल तर शेजारी सांगून ठेवा.

विमान सकाळचं पहिलंच घ्या. दिवस चढतो तसा उशीर साचत जातो, आणि पंखांवरचा बर्फ वितळवायची रांगही. वादळाचा अंदाज आला की एक-दोन दिवस आधी विमान कंपन्या बहुधा फुकट तारीख बदलू देतात. ती सवलत जाहीर झाली की लगेच बदला, रद्द होईपर्यंत वाट बघितली की जागा संपतात. विमान कंपनीनेच रद्द केलं आणि तुम्हाला दुसरं नको असेल, तर पूर्ण पैसे परत मिळायला हवेत.

मनीप्लांट

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी खाजण आणि बाजार, शनिवारी गाडी, रविवारी किल्ले असं ठरवतोय. परतीचं सोमवारी संध्याकाळी साडेसहाचं. किती आधी पोचावं?

गाडीवान

चारला. काउंटरवर जाण्याआधी कृषी खात्याची तपासणी असते, तिथे मोठी बॅग वेगळ्या यंत्रातून काढून स्टिकर लावतात. ते नसेल तर विमान कंपनी बॅग घेत नाही आणि पुन्हा मागे जाऊन रांग लावावी लागते. हातातली पिशवीही तपासतात. ताजे आंबे काढून घेतात. भाजलेली कॉफी चालते, कितीही न्या. कॉफीच्या झाडावरची लाल फळं चालत नाहीत. उपासाची फळं उरली असतील तर ती रांगेत उभं राहण्याआधीच खाऊन टाका.